हिवाळी छाटणी : डोळ्यांनी भरलेलं खोड कापायचं कसं?

रानजुई
नमस्कार. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

आमची घरची बेरीची बाग आहे. ब्लूबेरीची अडीचशे झुडपं, रास्पबेरीच्या चार ओळी आणि कुंपणाच्या कडेने थोडे काळे करंट. तीस वर्षं हिवाळ्यातली सगळी छाटणी माझ्या सासऱ्यांनी केली. तोडणी, पाणी, गवत, आच्छादन यात आम्ही सगळे असायचो, पण सिकेटर (छाटणीची कात्री) त्यांनी कधी कुणाच्या हातात दिली नाही. यंदा त्यांचा उजवा खांदा पार आखडलाय. मागच्या आठवड्यात त्यांनी सिकेटरला धार लावली, तेल दिलं, फडक्यात गुंडाळून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "आता तू."

पहिल्या दिवशी तीन तासांत चार झुडपं झाली. पाचव्यापाशी अडले ती अजून तिथेच आहे.

त्या झुडपाला अकरा खोडं आहेत. त्यातली पाच माझ्या अंगठ्यापेक्षा जाड, साल करडी आणि भेगाळलेली, बुडाशी दगडफूल धरलेलं. बाबा म्हणाले, यातली दोन जमिनीलगत काप. मी वाकून करवत लावली आणि सहज वर बघितलं, तर प्रत्येक शेंडा टपोऱ्या डोळ्यांनी, म्हणजे न उमललेल्या कळ्यांनी, भरलेला. नवरा शेजारच्या ओळीत तार ताणत होता. तो म्हणाला, "एका खोडावर शंभर फळडोळे धर. एका डोळ्यातून ५ ते १० फुलं येतात. सातशेच्या आसपास फळं कापून टाकतेस तू." त्याचा हिशोब चुकीचा नाही. बाबाही चुकीचं सांगत नसणार. माझा हात मात्र चालत नाही.

तुम्ही काय करता? आणि का?

मळेवाला
कापा. अगदी जमिनीलगत कापा, चार बोटं खुंट ठेवू नका.

आता का ते सांगतो. ब्लूबेरीचं खोड साधारण सहा वर्षांचं झालं, अडीच सेंटिमीटरच्या पुढे जाड झालं, की त्याची चांगली वर्षं सरली. डोळे येतात, भरपूर येतात, पण ज्या काडीवर येतात ती काडी बघा. काडेपेटीतल्या काडीएवढी बारीक आणि बोटभर लांब असेल. त्या काडीला पानं किती फुटणार? फळ पोसायला पानं लागतात. पानं कमी आणि फळं जास्त झाली की मणी बारीक राहतो, उशिरा पिकतो, आंबट लागतो. यजमानांच्या सातशे फळांतली निम्मी तोडणारा वैतागून झुडपावरच सोडून देईल.

दुसरं असं, की ही जाड खोडं वर छत्री धरतात. खाली ऊन पोचत नाही, मग बुडातून नवा फुटवा येत नाही. आज कापलेल्या जागी येत्या हंगामात फुटवा येईल, पुढच्या वर्षी त्याला फांद्या फुटतील, त्यानंतरच्या वर्षी तो नीट फळेल. बाबा त्या वर्षासाठी कापायला सांगताहेत.

द्राक्षकन्या
मळेवाला यांना अनुमोदन. आमची द्राक्षाची बाग, त्यामुळे छाटणी रक्तात आहे. उष्ण भागात द्राक्षाला वर्षातून दोनदा कात्री लागते, खरड छाटणी आणि गोड छाटणी. लहानपणी आजोबा सगळी बाग बोडकी करायचे तेव्हा मी खरोखर रडले होते.

पण एक सावधगिरी, रानजुई. द्राक्षाची सवय असलेलं कुणी मदतीला आलं तर त्याला आधीच सांगून ठेव. आम्ही काडी डोळे मोजून आखूड करतो, कारण घड त्या डोळ्यातून निघणाऱ्या नव्या फुटीवर येतो. ब्लूबेरीचा फळडोळा मागच्याच हंगामात तयार होऊन काडीच्या शेंड्याला बसलेला असतो. सरसकट शेंडे मारले तर पीकच गेलं. माझ्या चुलतभावाने एका ओळखीच्यांच्या बागेत अगदी हेच केलं होतं, एक आख्खी ओळ, कुंपण कापावं तशी सरळ. झुडपं दिसायला सुरेख. फळ नावाला.

कुंडीवाली
वाचतेय. माझ्याकडे कुंडीत दोनच रोपं आहेत, गेल्या वर्षी लावलेली. त्यांचंही हेच का?

मळेवाला
@कुंडीवाली, नाही. पहिली दोन वर्षं खोडाला हात लावू नका, मोडकी-वाळकी काडी असेल तेवढी काढा. मात्र फुलं सगळी खुडून टाका. मन घट्ट करावं लागतं, पण आधी मुळं आणि फांद्या होऊ देत.

धुक्यातली_वाट
मी जरा वेगळं बोलतो. आम्ही दरवर्षी छाटत नाही. दोन वर्षं सोडतो आणि तिसऱ्या वर्षी सगळी बाग एकदम घेतो. मजुरी वाचते, फळ मिळतं. इतकं काटेकोर असायची गरज नाही असं माझं मत आहे.

सुमतीकाकू
धुक्यातली_वाट, आम्हीही असंच केलं होतं रे बाबा. दोन वर्षं फळ खूप आलं, हे खरं. तिसऱ्या वर्षी छाटायला गेलो तर झुडपात हात शिरेना. निम्म्याहून जास्त लाकूड काढावं लागलं. मग ती बाग चिडल्यासारखी नुसती फुटवेच काढत बसली, त्या वर्षी फळ नाही आणि पुढच्या वर्षीही जेमतेम. तेव्हापासून आमचा नियम एकच आहे. दरवर्षी प्रत्येक झुडपातली सगळ्यात जुनी एक किंवा दोन खोडं, आणि कितीही मोह झाला तरी एका हिवाळ्यात एक तृतीयांशाच्या वर लाकूड काढायचं नाही. सहा ते आठ खोडं राहावीत, सगळ्या वयांची. घरात कशी नातवापासून आजीपर्यंत सगळी असतात, तशी.

रानजुई, मला मात्र एक गोष्ट खटकली. तुझे सासरे जाणते दिसतात. तीस वर्षं दर हिवाळ्याला ज्याची कात्री फिरली, त्याच्या झुडपात अंगठ्याहून जाड पाच खोडं कशी? एक-दोन असती तर समजू शकते. बाकीच्या झुडपांत काय आहे ते बघून सांगशील?

रानजुई
काकू, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. उद्या बघते.

पावट्या
एक प्राथमिक शंका. फळडोळा आणि पानडोळा ओळखायचा कसा? मला सगळे सारखेच दिसतात.

मळेवाला
शेंड्याकडचे गोल, फुगीर, लालसर, ते फळडोळे. त्याच काडीवर खाली बारीक, टोकदार, काडीला चिकटलेले असतात ते पानडोळे. एकदा बोट फिरवून बघा, डोळे मिटूनही कळेल.

हिमगौरी
छाटणीच्या आधी डोळा जिवंत आहे का ते तपासता की नाही कुणी? यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

मोठी थंडी येऊन गेली की मी बागेच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून दहा-बारा काड्या आणते आणि एक दिवस घरात ठेवते. मग ब्लेडने डोळा आडवा कापते, वरून थोडाच, पेन्सिलीला टोक काढावं तसा पातळ काप. आत बारीक बारीक हिरवे ठिपके गोलात बसलेले दिसतात. ती फुलं. हिरवी असली की जिवंत. तपकिरी झाली असली की थंडीने मेली. कधी एकाच डोळ्यात चार हिरवी आणि तीन तपकिरी असंही असतं. काड्या एक दिवस उबेत ठेवायच्या कारण मेलेला भाग लगेच रंग बदलत नाही, ताज्या काडीत सगळंच हिरवं दिसतं आणि आपण फसतो.

त्यावर कात्री किती चालवायची ते ठरतं. ज्या वर्षी अर्धे डोळे गेले, त्या वर्षी मी जुनी खोडं ठरल्याप्रमाणे काढली, पण बारीक काड्यांची विरळणी जवळजवळ केलीच नाही.

वेळेचंही सांगते. कडाक्याची थंडी ओसरल्यावर आणि डोळे फुगायच्या आत, ही खरी वेळ. लाकूड गोठलेलं असताना कापू नका, ते ठिसूळ होतं आणि जखम फाटते. फार उशीर केला तर फुगलेले डोळे नुसत्या बाहीच्या धक्क्याने गळतात. गाढ झोपेत उणे २५ अंश सोसणारा डोळा फूल होऊन उमलला की उणे २ अंशांनाही जातो. आपल्याला वाटतं झाडं नुसती उभी आहेत, पण त्यांचं आत काय काय चाललेलं असतं.

वाचनवेडा
थोडं अवांतर, पण हिमगौरी यांनी झोपेचा विषय काढला म्हणून.

ब्लूबेरीला थंडी नुसती सोसत नाही तर लागतेच, हे फ्रेडरिक कोव्हिल या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवून दिलं. १९२० साली त्याने त्यावर लिहिलं. हिवाळाभर उबदार काचघरात ठेवलेली रोपं वसंतात फुटलीच नाहीत, बाहेर थंडीत ठेवलेली व्यवस्थित फुटली. मग त्याने काचेला भोक पाडून आतल्या रोपाची एकच फांदी बाहेर काढली. फक्त तीच फांदी पानांनी भरली, आतल्या झोपूनच राहिल्या. थंडी फांदी-फांदीला मोजली जाते, हे वाचलं तेव्हा मी किती तरी वेळ त्या एका फांदीचाच विचार करत होतो. थंड हवेतल्या उंच जातींना ७ अंशांखालचे साधारण ८०० ते १००० तास लागतात.

आणि याच कोव्हिलने १९१० साली ब्लूबेरीला आम्लधर्मी माती लागते हे मांडलं. ते वाचून न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ व्हाइट यांनी त्याच्याशी संपर्क साधला. त्यांच्या घरची क्रॅनबेरीची बाग होती. रानात बेरी वेचणाऱ्या लोकांना त्यांनी मापं दिली आणि मोठ्या फळांची झुडपं शोधून आणायला सांगितली. ज्याने झुडूप शोधलं त्याचं नाव त्या जातीला. 'रूबेल' ही जात रूब लीक याच्या नावावरून आली. १९१६ साली व्हाइट्सबॉगला लावणीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक विकलं गेलं. आज आपण जी झुडपं छाटतोय त्यांच्या खापरपणज्या म्हणजे ती रानातली झुडपं.

कुंडीवाली
काय सुंदर माहिती! वाचनवेडा, वेगळा लेख लिहा ना.

बांधावरचा_बाप्पा
रास्पबेरीचा विषय राहिला, म्हणून माझी गोष्ट सांगतो. यातून कुणाचं एक वर्ष वाचलं तरी पुरे.

रास्पबेरीची छडी (घरात आम्ही छडीच म्हणतो) दोन वर्षं जगते. पहिल्या वर्षी वाढते, दुसऱ्या वर्षी फळते आणि मरते. मूळ मात्र वर्षानुवर्षं राहतं. उन्हाळी जातीत फळलेल्या छड्या बुडातून काढायच्या आणि त्या वर्षी वाढलेल्या कोवळ्या छड्या ठेवायच्या, कारण पुढचं फळ त्यांच्यावर. शरद ऋतूत फळणाऱ्या जातीला पहिल्याच वर्षी छडीच्या शेंड्याला फळ येतं, म्हणून ती हिवाळ्याच्या अखेरीस सगळी जमिनीलगत कापली तरी चालते.

आमच्याकडे दोन्ही जाती शेजारी शेजारी. ओळींच्या पाट्या वाऱ्याने पडल्या होत्या. मी उत्साहात सकाळी सुरुवात केली ती दुपारपर्यंत तीन ओळी साफ. आई भाकरी घेऊन बांधावर आली, ओळींकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, ही उन्हाळ्याची होती ना?" त्या उन्हाळ्यात त्या तीन ओळींतून एक फळ निघालं नाही. छड्या झपाझप वाढल्या, हिरव्यागार, आणि मला रोज त्यांच्यामधून जावं लागायचं.

आता मी पाट्यांवर विसंबत नाही. छडी बघतो. फळलेली छडी करडी, साल सुटलेली, बाजूला वाळके देठ असलेली. नवीन छडी तपकिरी, तुळतुळीत, एकही फांदी न फुटलेली. मीटरभर ओळीत दहा-बारा जोमदार छड्या ठेवून तारेला बांधतो, बाकीच्या काढतो.

द्राक्षकन्या
बाप्पा, "मला रोज त्यांच्यामधून जावं लागायचं" हे वाचून पोटात तुटलं.

हिमगौरी
छाटलेल्या छड्यांचं काय करता? आम्ही रोगट छड्या जाळतो. छडीवरच्या डाग-करप्याची बुरशी त्याच मेलेल्या लाकडात हिवाळा काढते.

बांधावरचा_बाप्पा
आम्हीही जाळतो. मात्र राख ब्लूबेरीला घालू नका! आमच्या एका नातेवाइकांनी "लाकडाची राख, उत्तम खत" म्हणून दोन हिवाळे ती ब्लूबेरीच्या बुडाशी पसरली. राखेने मातीचा सामू (पीएच) वाढतो, म्हणजे आम्लता कमी होते, आणि ब्लूबेरीला तो ४.५ ते ५.५ च्या आसपासच हवा. तिसऱ्या वर्षी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. लोह मातीत होतं, पण मुळांना घेता येईना. गंधक घालून सामू खाली आणायला पुढची दोन वर्षं गेली, कारण गंधकाचं आम्ल करणारे जिवाणू थंड मातीत कामच करत नाहीत. म्हणजे हिवाळ्यात माती तपासा, पण गंधकाचा परिणाम लगेच दिसेल अशी आशा धरू नका.

पावट्या
याच हिवाळ्यात राख घालणार होतो. पिशवी भरून ठेवली होती. फार फार आभार.

सुमतीकाकू
छाटणी झाली की ओळींत फिरून खाली पडलेली सुकलेली, सुरकुतलेली फळंही बघा. मागच्या हंगामातली रोगट फळं खडे होऊन पडलेली असतात आणि वसंतात त्यातूनच बुरशी वर येते. वेचता येतील तेवढी वेचा, उरलेल्यांवर पाच सेंटिमीटर तरी नवा भुसा पसरा, म्हणजे ती गाडली जातात. भुसा खोडाला टेकवू नका. बर्फाखाली रानउंदीर त्या उबेत बसून साल कुरतडतात. बर्फ वितळल्यावर खोडाभोवती पांढरं कडं दिसतं आणि तोवर सगळं संपलेलं असतं.

ओळ_क्रमांक_सात
मीच तो तार ताणणारा नवरा. हिने धागा काढलाय हे काल रात्री कळलं. सगळे प्रतिसाद वाचले.

मळेवाला, तुमचं काडेपेटीतल्या काडीचं वाचून सकाळी जाऊन बघितलं. तसंच आहे. तरीही मला एकदा मोजून बघायचंय. माझी सूचना अशी आहे की सातवी ओळ छाटायची नाही, बाकी सगळी छाटायची, आणि हंगामात तुलना करायची. बाबा हो म्हणालेत.

सुमतीकाकू
जरूर कर. फक्त नुसतं एकूण वजन करू नकोस. दर तोडणीला दोन्हीकडची शंभर-शंभर फळं मोजून त्यांचं वजन घे, आणि तोडायला किती वेळ लागला तेही लिही. आणि एक वर्ष पुरणार नाही. पहिल्या वर्षी तुझीच ओळ जिंकेल कदाचित. तीन वर्षं लिहीत राहा.

धुक्यातली_वाट
मीही या वर्षी अर्ध्या बागेत काकूंच्या नियमाने करून बघतो.

आनंदपाखरू
मनगटाचं कुणी सांगितलं नाही. अडीचशे झुडपं म्हणजे हजारो वेळा कात्री मिटणार. जाड खोडाला सिकेटर पिळत बसू नका, लांब दांड्याची कात्री किंवा करवत घ्या. दर झुडपानंतर पातं पुसा, तासाला एकदा धार बघा. बोथट पात्याने आधी मनगट जातं आणि मग झाडाची जखम चिघळते. रोगट झुडपानंतर स्पिरिटने पुसा.

रानजुई
बारा दिवसांनी लिहितेय. एकशे चाळीस झुडपं झाली.

काकू, तुम्ही विचारलं होतं म्हणून मी ओळीने सगळी झुडपं बघत गेले. जवळजवळ सगळीकडे तेच. वरची विरळणी सुबक, एकही आडवी काडी नाही, आणि बुडाशी चार-पाच म्हातारी खोडं जशीच्या तशी. रात्री बाबांना विचारलं. आधी बोलले नाहीत. मग म्हणाले, खांदा यंदाचा नाही. चार हिवाळे झाले. उभ्याने सिकेटर चालत होती, पण वाकून करवत ओढली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. म्हणून वरचं तेवढं करत राहिले. "तुम्ही कुणी वाकून बघत नव्हता," एवढंच म्हणाले.

चार वर्षं आमचा मणी बारीक होत होता आणि आम्ही पाण्याला दोष देत होतो.

दुसऱ्या दिवशी मी पाचव्या झुडपापाशी गेले आणि दोन खोडं कापली. काप ओला होता, मधे तपकिरी ठिपका. हे (ओळ क्रमांक सात) न सांगता करवत घेऊन आले आणि पलीकडून सुरुवात केली. पाच जुनी असली तरी एका वेळी दोनच काढतोय, तीन हिवाळ्यांत सगळी निघतील. बाबा ओळीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसतात आणि काठीने दाखवतात. काल एका झुडपाशी मी विचारायच्या आधीच कापलं, तर काठी वर उचललीच नाही त्यांनी.

आता काळ्या करंटचं कुणी सांगेल का? तेही असंच जुनं झालंय.

मळेवाला
काळ्या करंटला मागच्या वर्षीच्या लाकडावर सगळ्यात चांगलं फळ येतं. काळपट, जुनी खोडं दरवर्षी एक तृतीयांश बुडातून काढा, फिकट रंगाची नवी ठेवा. शेंडे मारू नका. लाल करंट असेल तर मात्र हा नियम लावू नका, तो जुन्या लाकडावरच्या आखूड गाठींवर फळतो. आणि बाबांच्या खांद्याला दाखवून घ्या आधी.

रानजुई
सोमवारची वेळ घेतलीय. हेच घेऊन जाणार आहेत.